परिच्छेद चार ऐकीव

गेली एकतीस वर्षं मी कोर्टाच्या मागच्या जिन्याखाली टेबल टाकून लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करते. या एकतीस वर्षांत माझ्या हातून चूक झालेली नाही. वकील चुकतात, पक्षकार चुकतात, एकदा तर एका न्यायाधीशांनी स्वतःच्या सहीखाली उद्याची तारीख घातली होती, ती मी वर जाऊन दाखवून आले. पण माझा कागद म्हणजे माझा कागद. तेव्हा आता जे सांगणार आहे ते सांगायला मला किती जड जातंय, एवढं ध्यानात ठेवा.

मुंगी माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ही तिथे पोचायची, म्हणून मुंगी. चार वर्षांपूर्वी ती कायदा शिकायला माझ्याकडे राहायला आली. माझ्या दोन खोल्या. मागची तिला दिली. पहिल्याच दिवशी तिने माझ्याशी खिडकी उघडी ठेवावी की बंद यावर पाऊण तास वाद घातला आणि जिंकली. लग्न मी केलं नाही, त्यामुळे घरात कोणी उलट बोलायची मला सवयच नव्हती. आठवड्याभरात लागली. महिन्याभरात अशी लागली की ती दोन दिवस घरी गेली तरी मला करमेना.

तिचा बाप, म्हणजे आमचा बाळ्या, बाथरूमच्या फरशा आणि नळ विकतो. पन्नाशीचा आहे, टक्कल पडलंय, पण मला तो बाळ्याच. यंदा फेब्रुवारीत त्याने फोनवर फर्मान काढलं.

"ताई, चार वर्षं झाली. या सुट्टीत एखाद्या फर्मने तिला इंटर्नशिपला घेतलं, तर पाचवं वर्ष करू दे. नाही घेतलं तर मे संपायच्या आत मी गाडी घेऊन येतो आणि तिचं सामान भरतो. मला काउंटरवर घरचं माणूस पाहिजे."

"अरे, ती काय नळ विकायला शिकली का?"

"मग वकिली करायला शिकली ना? दाखव म्हणावं एक तरी वकील, जो तिला दारात उभी करतो."

बाळ्या वाईट माणूस नाही. जो माल गिऱ्हाईक हातातही घेत नाही तो मांडणीवर ठेवायचा नाही, हा त्याचा धंद्याचा हिशेब, आणि तो त्याने पोटच्या पोरीला लावला. मी त्याला चार शब्द सुनावले. पण फोन ठेवल्यावर मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. मुंगीला वकील व्हायचं होतं हे तर आहेच. मला मुंगी जायला नको होती, हेही आहे.

मग आम्ही कामाला लागलो. तुम्हाला वाटत असेल, इंटर्नशिप म्हणजे जायचं, नमस्कार करायचा, "काही काम असेल तर सांगा" म्हणायचं. माझ्या टेबलासमोरून तीन पिढ्यांचे वकील तसेच मोठे झाले. आता तसं नाही. आता फर्म प्रश्न विचारते. "आमच्याच फर्ममध्ये का?" अडीचशे शब्द. खरं उत्तर एका ओळीचं होतं, की बाकीच्या दहा फर्मनाही हाच अर्ज गेलाय. पण ते लिहायची सोय नाही. "तुम्ही एखाद्या अपयशाला कसे सामोरे गेलात?" दोनशे शब्द. अपयश आलंच नाही म्हटलं तर पोरगी गर्विष्ठ ठरते, फार आलं म्हटलं तर नालायक. मध्यम आकाराचं, आता पूर्ण बरं झालेलं असं अपयश शोधण्यात आमचे दोन दिवस गेले. शेवटी वक्तृत्व स्पर्धेत तिचा माईक बंद पडला होता, ते घेतलं.

या सगळ्यावर एक पत्र जोडायचं होतं. स्वतःची ओळख, चार परिच्छेदांत. मुंगी दोन बोटांनी टाइप करते, बघवत नाही. मी म्हटलं, "सरक. तू सांग, मी टाइप करते." ती खोलीत फेऱ्या मारत सांगत होती आणि मी घरच्या कॉम्प्युटरवर बडवत होते. फर्मचं नाव आणि दुसरा परिच्छेद तेवढा बदलायचा, बाकी तेच. एका दुपारीत दहा पत्रं झाली. "आत्या, तू माणूस नाहीस," असं म्हणून तिने माझ्या गालाचा मुका घेतला आणि दहाही अर्ज पाठवून टाकले. अकराव्या फर्मची अर्ज घ्यायची खिडकी अजून उघडली नव्हती, ते पत्र नंतर करायचं ठरलं.

नकार यायला दोन आठवडे लागले. पहिला आला तेव्हा आम्ही हसलो. "यंदा आलेल्या अर्जांचा दर्जा अत्यंत उच्च होता," असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे तुझा नव्हता, हे आडून सांगतायत. सभ्य आहेत." दुसरा आला तेव्हा मुंगी एकटीच हसली. तिसरा आला तेव्हा ती मागच्या खोलीत गेली, आणि मी दारातून पाहिलं तर उशीत तोंड खुपसून रडत होती.

"आत्या, माझ्यातच काहीतरी कमी आहे गं. परीक्षाच घेत नाहीत. नुसतं पत्र वाचून नाही म्हणतात."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मनात फर्मवाल्यांना शिव्या घातल्या. नुसतं पत्र वाचून? असं काय आहे त्या पत्रात? दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेल्यावर मी कॉम्प्युटर उघडला आणि पत्र काढून वाचायला बसले. पहिलं पान सुरेख होतं. दुसऱ्या पानावर चौथा परिच्छेद संपत होता. त्याच्याखाली, थोडी जागा सोडून, माझ्याच हाताने टाइप झालेलं होतं:

"वर नमूद केलेला परिच्छेद एक ते तीनमधील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे. परिच्छेद चारमधील मजकूर ऐकीव माहितीवर आधारित असून तो मी खरा समजते."

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तुम्ही कोर्टाची पायरी चढला नसाल तर सांगते. प्रत्येक प्रतिज्ञापत्राखाली हे लिहावंच लागतं. कुठलं तुम्हाला स्वतःला माहीत आहे आणि कुठलं दुसऱ्याने सांगितलं, ते वेगळं करून द्यायचं. एकतीस वर्षांत मी हे किती हजार वेळा टाइप केलं असेल देव जाणे. चौथा परिच्छेद संपला की बोटं आपली आपण खाली उतरतात, मला विचारत नाहीत. आणि चौथ्या परिच्छेदात मुंगीने सांगितलं होतं, "माझ्यात नेतृत्वगुण असल्याचे माझे प्राध्यापक मानतात, व दडपणाखाली मी शांत राहते असे सहकारी सांगतात." प्राध्यापक मानतात, सहकारी सांगतात. आता हे ऐकीव नाही तर काय आहे? कायद्याने अगदी बिनचूक होतं. म्हणजे पोरीने अर्ज केला होता आणि त्याच अर्जात शपथेवर सांगितलं होतं की माझ्या गुणांबद्दल मला खात्री नाही, लोक म्हणतात. दहा फर्मना.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मला माहीत आहे. ती कॉलेजातून आली, चपला काढल्या, "काही आलं का?" म्हणाली, आणि मी "नाही" म्हटलं. नकार नव्हता आला हे खरंच होतं. म्हटलं, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झाल्यावर म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी चौथा नकार आला आणि मग तर तोंडच उघडेना. सांगितलं तर ती म्हणेल, आत्या, तू माझं वर्ष घालवलंस, आणि ते खरं असेल. जिन्याखालची माझी सगळी ऐट त्या दोन ओळींत गेली होती. मी मूग गिळून बसले.

अकराव्या फर्मची खिडकी उघडली तेव्हा मुंगी म्हणाली, "तेच पत्र घाल." मी गुपचूप त्या दोन ओळी काढल्या, उरलेला मजकूर तीनदा तपासला आणि स्वच्छ पत्र पाठवलं. मनात म्हटलं, आता बघा. त्या फर्मचा नकार दोन दिवसांत आला. इतक्या लवकर कोणीच नाही म्हटलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात सातव्या मजल्याचं बोलावणं आलं. गावातल्या काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर ती फर्म होती, म्हणून आम्ही घरात तिला सातवा मजलाच म्हणायचो. आधी कॉम्प्युटरवर चाचणी, ती पार पडली तर दिवसभराची निवड. ती फर्म पहिल्या दहा पत्रांतली होती. म्हणजे माझ्या दोन ओळींसकट.

मुंगी नाचली. मीही नाचले, पण मला माझे गुडघे आणि माझं मन दोन्ही सांभाळून नाचावं लागलं.

चाचणीच्या तयारीला मी कंबर कसून बसले. पापाची भरपाई म्हणा. पहिली चाचणी तर्काची होती: उतारा वाचायचा, खाली विधान असतं, ते खरं, खोटं, की सांगता येत नाही, ते ठरवायचं.

मी वाचलं, "गोदामाला आग लागली. पहारेकरी हजर नव्हता. विधान: पहारेकरी हजर असता तर आग लागली नसती."

"खरं," मुंगी म्हणाली.

"सांगता येत नाही!"

"का?"

"पहारेकऱ्यानेच लावली असती तर?"

"आत्या, तू सगळ्यांवर संशय घेतेस."

"मी घेत नाही. मी फक्त उताऱ्यात नाही ते मानत नाही. तू सहानुभूतीने वाचतेस. सहानुभूती बाजूला ठेव आणि वाच."

यात मात्र मी वस्ताद निघाले. 'सांगता येत नाही' यावर माझं आयुष्य गेलंय. आठ दिवसांत मुंगी माझ्याही पुढे गेली. दूधवाल्याने "उद्या लवकर येतो" म्हटलं की ती आतून ओरडायची, "सांगता येत नाही!"

दुसरी चाचणी वागणुकीची होती. प्रसंग देतात, चार पर्याय देतात, त्यातला सर्वांत योग्य आणि सर्वांत अयोग्य निवडायचा. मी चष्मा लावून वाचत गेले.

"तुम्ही तयार केलेला कागद पक्षकाराला गेला आहे. आता तुम्हाला त्यात स्वतःची चूक दिसते. अजून कोणाच्या लक्षात आलेली नाही. तुम्ही काय कराल? अ, ताबडतोब वरिष्ठांना सांगाल. ब, स्वतःच दुरुस्त करून नवा कागद पाठवाल. क, सहकाऱ्याचा सल्ला घ्याल. ड..."

"ड काय?"

"ड, कोणी विचारेपर्यंत गप्प राहाल."

"अ योग्य, ड अयोग्य," मुंगी म्हणाली. "हे तर कोणीही सांगेल. असला फुकटचा प्रश्न का घालतात? पुढचा वाच."

मी म्हटलं, गॅसवर काहीतरी राहिलंय, आणि स्वयंपाकघरात जाऊन बंद गॅसकडे बघत उभी राहिले.

चाचणीत तिने बाजी मारली. आठ दिवसांनी दिवसभराच्या निवडीचं बोलावणं आलं, सकाळी साडेनऊला. मी त्या दिवशी टेबल बंद ठेवलं आणि तिच्याबरोबर निघाले. "आत्या, कोणी आत्याला घेऊन येत नाही," ती लिफ्टमध्ये म्हणाली. मी म्हटलं, "मी खाली बसणार होते, पण खाली खुर्ची नाही." सातव्या मजल्यावरच्या बाईंनी मला विचारलं, "आपण कोणाकडे आलात?" मी म्हटलं, "मी वाट बघायला आलेय." त्यांनी कोपऱ्यातला सोफा दाखवला. त्यात माणूस इतकं खोल जायचं की परत वर यायला दोघांनी ओढावं लागेल.

तिथून काचेपलीकडे गटचर्चा दिसत होती. सहा मुलं एका टेबलाभोवती, प्रत्येकापुढे कागदांचा गठ्ठा, आणि भिंतीला लागून दोन माणसं वहीत काहीतरी लिहीत होती. आवाज येत नव्हता. पाच जण एकाच वेळी बोलत होते आणि हात इतके हलवत होते की मध्येच एकाचा पेला सांडला. मुंगी मान खाली घालून कागद वाचत होती. बोल ना गं, मी सोफ्यात रुतून पुटपुटत होते, नेतृत्व कर, नेतृत्व! पाऊण तासात ती दोनदा तोंड उघडलेली दिसली. संपलं, मी म्हटलं.

मग लेखी काम झालं, मग एकेकाची मुलाखत. दुपारी तीनला तिला एका लाकडी दारामागे नेलं. पावणेचारला ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता सरळ लिफ्टकडे चालू लागली. मी सोफ्यातून कशी उठले ते मला आठवत नाही.

इमारतीबाहेर बसथांब्याच्या बाकावर ती बसली. दोन बस गेल्या.

"फर्मच्या मोठ्या पार्टनरबाई होत्या," ती शेवटी बोलली. "त्यांनी माझं पत्र पुढे सरकवलं. म्हणाल्या, आठशे अर्ज आले, त्यात शपथेवर केलेला हा एकच. आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं."

मी रस्त्याकडे बघायला लागले.

"मी वाचलं. आत्या, मी ते पहिल्यांदा वाचलं. त्या हसत होत्या. त्यांना वाटत होतं मी मुद्दाम केलंय, गंमत म्हणून, हुशारी म्हणून. याच्यासाठीच मला बोलावलं होतं."

"मग म्हणायचंस ना, हो, मुद्दाम केलं!" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. एकतीस वर्षं लोकांना "खरं तेवढंच सांगा" म्हणणारी मी, तिथल्या तिथे ओशाळले.

"मी म्हटलं, हे मी लिहिलेलं नाही आणि वाचलेलंही नाही. तशा त्या हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, न वाचता पाठवलंत? सहीनिशी? मी म्हटलं, माझी आत्या प्रतिज्ञापत्रं टाइप करते. तिने केलेलं मी वाचत नाही, कारण ती चुकत नाही."

मला रस्त्यावरच रडू येईल असं वाटलं.

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, बरं, या चौथ्या परिच्छेदाचं तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे? आहेत का नेतृत्वगुण? मी म्हटलं, ते ऐकीवच आहे. आज सकाळी मी दोनदाच बोलले. एकदा म्हटलं, सहा मिनिटं उरली. दुसऱ्यांदा म्हटलं, पान नऊ बघा, आपण ज्या करारावर भांडतोय त्याची मुदत मागच्या वर्षीच संपली."

"आणि खरंच संपली होती?"

"हो. पान नऊपर्यंत कोणी गेलंच नव्हतं. पण त्याचं त्यांनी काही म्हटलं नाही. ठीक आहे म्हणाल्या, कळवू म्हणाल्या. गेलं, आत्या. आणि ती चूक तुझी एकटीची नाही, मी वाचायला हवं होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला बिचारीला कुठे माहीत होतं?"

इथे मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं. तिने मला माफ करूनच टाकलं होतं. पण त्या 'बिचारी'ने माझा घात केला. मी बोलले.

"मला माहीत होतं."

"काय?"

"तिसरा नकार आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पत्र उघडून पाहिलं होतं."

ती हिशेब करत होती. तिच्या ओठांवर मला तो दिसत होता. "म्हणजे चौथा आला तेव्हा..."

"हो."

"मी म्हणत होते माझ्यातच कमी आहे. पाचवा, सहावा, सगळे आले तेव्हा. तू शेजारी बसून माझ्या डोक्यावर हात फिरवत होतीस."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"हो गं. माहीत होतं. मी घाबरले. तुला वाटेल मी..."

"आणि अकरावं?"

"ते दुरुस्त करून पाठवलं होतं."

"त्याचा नकार सगळ्यांत आधी आला," ती म्हणाली. क्षणभर मला वाटलं ती हसेल. पण बस आली आणि ती चढली. मी मागच्या दाराने चढले, कारण तिच्या शेजारी बसायचं धाडस होईना.

पुढचे तीन दिवस घरात शब्दाला महागाई आली. मीठ दे. कुलूप लावलं का. बस. तिने वाद घातला नाही, हे सगळ्यांत वाईट. मी मुद्दाम खिडकी बंद केली, तिने उघडली नाही. जिन्याखाली एका म्हाताऱ्याचं प्रतिज्ञापत्र करताना मी तीन वेळा त्याला वाचून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "बाई, मला ऐकू येतं." गुरुवारी बाळ्याचा फोन आला.

"ताई, रविवारची गाडी सांगू ना?"

"अजून उत्तर यायचंय."

"आता काय यायचंय? बरं, तिला दे फोन."

"ती अभ्यास करतेय," मी म्हटलं. ती समोरच बसली होती, भिंतीकडे बघत.

शुक्रवारी मी साडेचारला घरी आले तर मुंगी टेबलापाशी बसली होती. कॉम्प्युटर चालू होता. तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. चांगली वकील होईल ही, असं माझ्या मनात येऊन गेलं. तिने पडदा माझ्याकडे वळवला.

"वाच."

मी चष्मा शोधला. सातव्या मजल्याचं पत्र होतं. तिसऱ्या शब्दावरच मला दिसलं, "कळवण्यास आनंद", आणि मी अशी किंचाळले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"मिळालं! मुंगे, मिळालं गं! बाळ्याला फोन लाव आधी, गाडी रद्द कर म्हणावं त्याला..."

"पूर्ण वाच," ती म्हणाली.

तिचा आवाज अजून तसाच कोरडा होता. मी बसले आणि वाचायला लागले. इंटर्नशिप आठ आठवड्यांची, सोमवार तीन जून ते शुक्रवार एकोणीस जुलै. वेळ सकाळी नऊ. ओळखपत्र आणावे. हे पत्र मान्य असल्याचे आज पाच वाजेपर्यंत लेखी कळवावे. खाली पार्टनरबाईंची सही.

मी परत वर गेले. तीन जून ते एकोणीस जुलै. बोटांवर मोजलं. जूनचे चार आठवडे, जुलैचे तीन. सात झाले. पत्रात आठ लिहिले होते.

परत मोजलं. सातच.

आता माझ्या मनात काय काय आलं, ते लपवत नाही. पावणेपाच वाजत आले होते. ज्या बाईंनी पोरीला न वाचता सही केली म्हणून झापलं, त्यांच्याच सहीच्या पत्रात चूक आहे असं त्यांना लिहायचं? पहिल्याच पत्रात? त्यांना राग आला तर? आठ काय आणि सात काय, आपल्याला काय करायचंय, एकदा आत गेली की झालं. रविवारी बाळ्या येणार होता. मुकाट्याने "मान्य" लिहून पाठवलं तर मुंगी पुढचं वर्ष माझ्या मागच्या खोलीत राहणार होती. मी तोंड उघडलं आणि काही बिनसलं, तर ती परत माझ्याशी बोलेल की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं.

"वाचलं?" मुंगीने विचारलं.

"वाचलं. मुंगे, यात चूक आहे. आठवडे आठ लिहिलेत आणि तारखा सात आठवड्यांच्या आहेत. नुसतं मान्य म्हणून चालणार नाही. आधी विचारावं लागेल त्यांना."

तिने हळूच श्वास सोडला. तोपर्यंत तिने तो धरून ठेवलाय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मला सकाळी दहा वाजताच दिसलं होतं," ती म्हणाली.

"मग सकाळीच का नाही लिहिलंस त्यांना? पाच वाजत आले!"

"तुझी वाट बघत होते."

तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती. मला पदर सापडेना. मग ती उठली, खुर्ची माझ्यासाठी मोकळी केली आणि माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली.

"बस. तू टाइप कर," ती म्हणाली. "पाठवायच्या आधी मी वाचणार."